हिरव्या मफलरचे गळालेले टाके

ओळ १

एकशे वीस टाके घातले. दोन सुलट, दोन उलट.

अठ्ठ्याऐंशी सालची दिवाळीची सुट्टी. शाळेला कुलूप लावलं, किल्ली हेडमास्तरांकडं दिली आणि घरी येऊन पलंगावर तीन गोष्टी मांडल्या: राखी लोकरीचे आठ गुंडे, दोन सुया, परभणीच्या वाचनालयातून आणलेली चार पुस्तकं. चौथी गोष्ट पलंगावर मावणारी नव्हती. ती दिनकररावांच्या बैठकीत होती, लाकडी पेटीत, सरकत्या दाराआड. आमच्या पिंगळी गावात तेव्हा टीव्ही दोनच, आणि त्यातला एक चालायचा.

घरात आम्ही दोघंच. लेक उदगीरला दिलेली, ती या वर्षी येणार नव्हती. हे, म्हणजे विरूपाक्ष, गावाचे अप्पा, रेल्वेत गेटमन, गावाबाहेरच्या फाटकावर. त्या महिन्यात त्यांना दिवसपाळी होती. सकाळी डबा घेऊन ते गेले की संध्याकाळपर्यंत घर माझं आणि सुट्टीही माझी. स्वेटर मात्र त्यांच्यासाठी.

ही गोष्ट मी त्या स्वेटरच्या ओळींनी सांगते. मधे उसवावं लागलं, तिथं ओळीचा आकडा मागं जाईल. घडलेलं मात्र मागं गेलं नाही.

ओळ १४

चारही पुस्तकं रहस्याची. पहिल्याच पुस्तकात, सातव्या पानावर, आधीच्या वाचकानं समासात निळ्या पेनानं खुन्याचं नाव लिहून ठेवलं होतं. खाली दोन रेघा. एवढं कळल्यावर पुस्तक बाजूला ठेवायला हवं होतं. मी उलट जास्त चवीनं वाचलं. तो माणूस नुसता चहा प्याला तरी मला त्यात काहीतरी दिसायचं.

भाऊबीजेला हे वालूरला बहिणीकडं गेले. परत आले ते गळ्यात हिरवा मफलर घालून. बाटलीच्या काचेचा असतो तसला हिरवा.

"मफलर कुठला?"

"घेतला. वालूरच्या बाजारात."

"भाऊबीजेला बाजार?"

"एक दुकान उघडं होतं."

"कसलं?"

"कापडाचं."

"हातानं विणलेला मफलर कापडाच्या दुकानात?"

"आगं, तू मास्तरीण हायस का फौजदारीण?" असं म्हणून ते पाय धुवायला गेले. पाय मघाशीच धुतले होते.

ओळ २७

दुसऱ्या दिवशी ते आंघोळीला बसले तेव्हा मफलर खुंटीवरून काढला आणि खिडकीशी उजेडात धरला.

सतरा वर्षं मी मुलींना कार्यानुभवाच्या तासाला विणकाम शिकवते. वहीवरचं नाव झाकलं तरी अक्षर कुणाचं ते मास्तराला कळतं, तसा मला विणीवरून हात कळतो. कुणाचा हात आवळ, कुणाचा ढिला, कुणी बोलत बोलत विणलंय, कुणी रडून झाल्यावर. आणि एक खूण अशी, जी माझ्या मुलींशिवाय कुणाकडं नाही. माझी आई उलट टाका घेताना लोकर चुकीच्या बाजूनं ओढायची, म्हणून टाक्याला पीळ पडायचा. मीही तशीच शिकले. ही चूक आहे हे नोकरी लागल्यावर एका पुस्तकातल्या चित्रावरून कळलं, पण तोवर हात बसला होता. माझ्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक मुलीच्या विणीत तो पीळ आहे.

मफलरात तो होता. पहिल्या ओळीपासून.

म्हणजे विणणारी माझीच विद्यार्थिनी.

मग ओळी मोजायला लागले. छत्तीस ओळी नीट, सदतिसावीत एक टाका गळालेला आणि पुढं घाईघाईनं उचललेला. त्यानंतर बारा ओळी, परत एक गळालेला. मग पन्नास. पुढं पुन्हा तसंच: पस्तीस, बारा, एक्कावन्न. कच्च्या हाताचे टाके गळतात, पण ते कुठंही गळतात. हे वेळ पाळून गळालेले होते. ठरल्या वेळी तिचं लक्ष उडत होतं.

गावातल्या बाईचं लक्ष ठरल्या वेळी कशानं उडणार? मला एकच सुचलं. टीव्ही.

शेवटची ओळ मात्र वेगळी होती. टाके सैल, एकसारखे, सुंदर बंद केलेले. कच्च्या हाताला बंद करणं असं कधी जमत नाही. हे मी पाहिलं आणि सोडून दिलं. आत बादलीत तांब्या आपटल्याचा आवाज आला, तशी मी मफलर खुंटीला लावला.

माझ्या हाताखालच्या मुली लग्न होऊन कुठं कुठं गेल्या. गावात उरल्या होत्या तिघी. एक बाळंतपणाला पूर्णेला गेलेली. दुसरीनं सुया सोडून दहा वर्षं झालेली.

तिसरी कुसुम.

(सातवं पान. निळं पेन. दोन रेघा.)

ओळ ५२

कुसुम दिनकरराव आणि पार्वतीबाईंची धाकटी. तिला ताडकळसला दिली होती. पाच महिन्यांपूर्वी ती एकटी परत आली, आणि का आली ते घरातलं कुणी सांगत नव्हतं. दिवाळीनंतर सासरचे न्यायला येणार, असं पार्वतीबाई दर दोन दिवसांनी कुणी न विचारता सांगायची. दिनकररावांचं शेत रुळांच्या पलीकडं. शेतात जायचं तर फाटकावरून, ह्यांच्या गुमटीच्या, म्हणजे गेटमनच्या खोलीच्या, खिडकीसमोरून.

त्या गुमटीच्या भिंतीवर दहा वर्षांपूर्वी कुणी नामांतराची घोषणा लिहिली होती. त्यावर कुणी डांबर फासलं. डांबरावर परत कुणी चुन्यानं लिहिलं. त्या वर्षांनी गावाला एक सवय लावली होती: कोण कुणापाशी थांबतं, किती वेळ थांबतं, हे बघून ठेवायचं. ती सवय मलाही लागली होती, फक्त तोवर मला तिचा काही उपयोग पडला नव्हता.

संध्याकाळी मी पिशवीत विणकाम घालून दिनकररावांकडं गेले. बैठकीत सतरंजीवर सात-आठ बाया. सगळ्यांत पुढं माझी शेजारीण सरजाबाई. दिनकरराव माळवदावर चढून अँटेना फिरवत होते.

"आलं का?" वरून.

"मुंग्या यायल्या," सरजाबाई खालून.

"आता?"

"माणसं आली. पर येकाची दोन दोन."

"असू द्या. एकेकच बगा."

कुसुम टीव्हीच्या बाजूला, भिंतीला टेकून. मांडीवर पिवळी लोकर, बहिणीच्या लेकरासाठी टोपडं. मी तिच्यासमोर बसले आणि अख्खी मालिका तिच्या बोटांकडं बघत काढली. जाहिराती लागल्या. तिचा टाका गळाला नाही. नायिका जिन्यावरून पडली. तरी नाही. ती सुयांकडं बघतसुद्धा नव्हती. टोपडं असं सारखं, की शाळेत मी तिला पैकीच्या पैकी दिले असते.

इथंच मी थांबायला हवं होतं. पण मी मनाशी म्हटलं, सगळ्यांपुढं जपून विणत असेल.

मग तिनं वर बघितलं. "बाई, तुमचं ध्यान कुठाय? टीव्ही तिकडं हाय."

बाया हसल्या. मीही हसले. घरी येईपर्यंत माझी खात्री झाली होती, की ती मला घाबरली.

ओळ ६४

तिसऱ्या दिवशी मी मफलर पिशवीत घालून नेला.

नेताना ठरवलं होतं की फक्त टोपड्याशेजारी धरून बघायचं. जाहिराती लागल्या. पार्वतीबाई चहा ठेवायला उठली. आणि मी तो सगळ्यांदेखत कुसुमच्या हातात दिला.

"हे कुणाचं विणणं गं?"

तिनं मफलर घेतला. अंगठा शेवटच्या ओळीवरून हळूच फिरवला. मग म्हणाली, "मला काय ठाऊक, बाई."

"पीळ बघ. तुझ्या हाताचा."

"पीळ तर तुमच्या हाताचा हाय. आमी सगळ्या तुमच्याच."

सरजाबाईनं मान वळवली. "कुणाचा म्हणायचा मफलर?"

"आमच्या ह्यांच्या गळ्यात होता," मी म्हटलं. "कुणी दिला तेवढं कळंना."

टीव्हीवर साबणाची जाहिरात चालली होती. तिच्याकडं कुणी बघत नव्हतं.

"मंग कुसुमलाच इचारा की," सरजाबाई म्हणाली. "रोज फाटकावरनं जायलीय."

"मी न्हाई विणला," कुसुम म्हणाली.

"घे शपथ."

ती थांबली. किती थांबली? साबणाची जाहिरात संपून दंतमंजनाची लागेपर्यंत.

"न्हाई विणला म्हणलं की, बाई."

तिनं मफलराची घडी केली, माझ्या मांडीवर ठेवली आणि टोपडं उचलून आत गेली. पार्वतीबाई कपांचं ताट घेऊन दारात उभी होती. तिनं ताट खाली ठेवलं, पुढं झाली आणि टीव्हीचा आवाज मोठा केला.

शपथ घेतली नाही. मला एवढंच पाहिजे होतं.

घरी येऊन बघते तर स्वेटरात चूक. चाळिसाव्या ओळीपासून दोन सुलटच्या जागी तीन. तीन दिवस डोळे दुसरीकडं होते, त्याचं फळ. उसवलं.

ओळ ४०

परत चाळीस.

दुसऱ्या दिवशी कुसुम बैठकीत आली नाही. आतल्या खोलीचं दार लोटलेलं. पार्वतीबाईनं सगळ्यांना चहा दिला. माझ्या कपाला कान नव्हता. गरम कप पदरात धरून मी बातम्या बघितल्या.

निघताना सरजाबाई माझ्यासोबत चालली. "पुढच्या बाजारला ताडकळसला जायलेय, बहिणीकडं. कुसुमच्या सासरच्या वाड्यामागंच तिचं घर."

"बरं."

"मी काय बी बोलणार न्हाई म्हणा. आपल्याला काय करायचं."

सरजाबाई बोलणार नाही असं म्हणाली की ती कशाबद्दल बोलणार ते गावाला कळायचं.

ह्यांनी रात्रीच्या जेवणावर विचारलं, "मफलर कुठंय?"

"धुवायला टाकला."

"बरं."

मफलर माझ्या उशीखाली होता. त्यांनी पुढं काही विचारलं नाही. मी त्या न विचारण्याकडंही संशयानं बघितलं. दुसरं पुस्तक वाचायला घेतलं. त्यात समास कोरे होते, तर मला वाचवेना.

ओळ ५८

लाइट गेली. तारेवर काम चाललंय, दोन दिवस येणार नाही, असं कळलं. म्हणजे टीव्ही नाही. दुपारी ओट्यावर स्वेटर घेऊन बसले. समोर घड्याळ, मांडीवर मफलर. जुना चाळा: छत्तीस, बारा, पन्नास. कुठल्या मालिकेत अशा जाहिराती लागतात?

कुठल्याच नाही. जाहिराती सारख्या अंतरानं येतात. शिवाय गळालेले टाके आठवड्याच्या सातही दिवसांचे असावेत इतके होते, आणि मालिका रोज एकच नसते. हे मला पहिल्या दिवशीच कळायला हवं होतं. मी मास्तरीण आहे, पाढे शिकवते.

लांबून शिट्टी आली. पॅसेंजर. माझा हात थांबला. गाडी गेली की मी फाटकाच्या दिशेला मान वळवते, वीस वर्षांची सवय. मान वळवून परत सुईकडं बघितलं तर टाका गळाला होता.

मी तो उचलला नाही. तशीच बसले. बऱ्याच वेळानं मालगाडी. तिच्यामागं लगेच दुसरी. मग बराच वेळ काही नाही.

खूप वेळ, थोडा वेळ, त्याहून खूप वेळ. छत्तीस, बारा, पन्नास.

मी उठले. चप्पल घातली. मग आठवलं की जायला काहीतरी कारण पाहिजे. डबा त्यांनी सकाळीच नेला होता. ताकाचा तांब्या घेतला.

ओळ ५८, अजून तीच

गुमटीच्या मागं एक बाभूळ आहे. मी तिच्याआड थांबले, कारण रहस्याच्या पुस्तकांत माणसं झाडाआडच थांबतात. खिडकी उघडी. ह्यांची पाठ दिसत होती, वाकलेली. कोपरं हलत होती. आत दुसरं कुणी आहे का, हे बघायला मी मान लांब केली. कुणी नव्हतं.

फोन वाजला. हे दचकून उठले. हातातलं काहीतरी लाल झेंडीत गुंडाळून स्टुलावर ठेवलं, बाहेर आले, फाटक पाडलं आणि हिरवी झेंडी धरून ताठ उभे राहिले. गाडी गेली. गार्डानं हात केला, ह्यांनी केला. मी तोवर आत गेले होते.

लाल झेंडी उलगडली. त्यात माझ्या जुन्या सुया, ज्या हरवल्या म्हणून मी दोन वर्षांपूर्वी एका मुलीवर संशय घेतला होता. सुयांवर जांभळ्या लोकरीच्या वीसेक ओळी. प्रत्येक टाक्याला माझ्या आईचा पीळ. शेवटच्या ओळीत एक टाका गळालेला, अजून गरम असावा असा.

हे दारात उभे.

"कधीपासून?" मी विचारलं.

"बिडी सोडली तवापासून." दोन वर्षांपूर्वी गळ्यातलं इष्टलिंग हातात घेऊन त्यांनी बिडी सोडली होती. "तोंड राहिलं, पर बोटं राहीनात. आधी काडेपेटीच्या काड्या सोलायचो. मंग हे."

"शिकवलं कुणी?"

"वीस वर्सं समोर बसून बगायलो की तुला."

"मला सांगायचं न्हाई?"

"स्टेशनावर कळलं तर बांगड्या भरतेल मला. तुला सांगितलं तर तू चुका काढशील."

मी हसायला लागले. हसताना डोळ्यांतून पाणी आलं. सगळी दिवाळी मी एका बाईला शोधत होते, आणि ती बाई रोज माझ्या हातची भाकरी खात होती. ते पण हसले, पण जपून. मग स्टुलावर बसून त्यांनी गळालेला टाका उचलायचा प्रयत्न केला. जीभ दातांत धरून, इतका वाईट, की मी त्यांच्या हातातून सुई घेतली.

"फोन वाजला की गळतोयच," ते म्हणाले.

मी टाका उचलून दिला. आणि तेव्हा शेवटची ओळ आठवली.

"बंद कुणी केला?"

"काय?"

"मफलर. शेवट बंद कुणी केला? तो तुमचा हात न्हाई."

त्यांनी तांब्या उचलला. ताक पेल्यात ओतलं. प्यायलं नाही.

"मला जमंना. तीनदा उसवला. कुसुम शेतातनं यायली होती, फाटक बंद होतं, मालगाडी थांबून होती. तिनं खिडकीतनं पायलं अन् हसली. म्हणली, द्या इकडं. तिथंच उभ्या उभ्या बंद करून दिला."

"अन्?"

"अन् काय? मी म्हणलं, कुणाला बोलू नको, बाईला तर न्हाईच. ती म्हणली, न्हाई बोलत."

मला तिचा अंगठा दिसला. मफलरावर फिरताना, नेमका त्या एका ओळीवर. विणला नाही, हे खरं होतं. शपथेला ती थांबली, कारण एक ओळ तिची होती. एका वाक्यात ती सुटली असती. ते वाक्य तिनं ह्यांच्यासाठी गिळलं, आणि मी त्याला पुरावा म्हटलं.

मी बैठकीत काय केलं ते ह्यांना सांगितलं. सरजाबाईच्या बाजाराचंही सांगितलं. ताक पेल्यात तसंच राहिलं.

"सगळ्यांपुढं सांगावं लागंल," मी म्हटलं.

"काय सांगशील? येक ओळ तिची हाय म्हणून? फाटकावर उभं राहून माझा मफलर करून दिला म्हणून?"

पूर्ण खरं बोललं असतं तर कुसुम आणखी अडकली असती.

"ती ओळ मी केली म्हणीन."

त्यांनी सुया परत लाल झेंडीत गुंडाळल्या. "बांगड्यांचं माप दे मंग सरजाबाईला," म्हणाले.

ओळ ९०

रविवार सकाळ. लाइट आली होती. रविवारची सकाळची, देवादिकांची मालिका, म्हणून बैठक भरलेली. बाया न्हाऊन, कुंकू लावून. टीव्हीच्या पेटीला झेंडूची माळ. आतलं दार लोटलेलं.

मालिकेच्या आधीच्या जाहिरातींत मी मफलर काढला.

"हा कुणी विणला ते कळलं," मी म्हटलं. आवाज शाळेतल्यासारखा मोठा आला.

पार्वतीबाईचा हात टीव्हीच्या बटनाकडं गेला.

"आमच्या ह्यांनी. गुमटीत बसून. बिडी सोडली म्हणून हाताला चाळा."

कुणाला पहिल्यांदा कळलंच नाही. मग सरजाबाईच्या पोटातून हसू सुटलं. "अप्पांनी? दोन सुया घिऊन?"

"दोन सुया घेऊन."

"अन् झेंडी कोण दावतंय मंग?"

हसून हसून बायांचे पदर तोंडात गेले. मीच ह्यांना असं मधे उभं केलं, हे त्या हसण्यात मला टोचत होतं. पण मी बोलत राहिले. फोन वाजला की टाका गळतो, लाल झेंडीत सुया, जीभ दातांत. सगळं सांगितलं, थोडं वाढवूनही सांगितलं. सरजाबाईला बाजारला नेण्याजोगं काहीतरी पाहिजे होतं, आणि ते पहिल्याहून चवदार असायला हवं होतं.

पार्वतीबाईनं मफलर हातात घेतला. तिनं लेकीचं विणणं मी बघितलं त्याहून जास्त वर्षं बघितलंय. ती शेवटच्या ओळीपाशी थांबली.

"शेवट चांगला जमलाय गेटमनला."

"तो मी केला," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं. मग तिनं मफलर परत दिला.

आतलं दार आता उघडं होतं. चौकटीत कुसुम. किती वेळची उभी होती माहीत नाही. मला वाटलं ती काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "आवाज वाढव आई, सुरू झाली." आणि येऊन भिंतीशी बसली. तिच्या जागी, टीव्हीच्या बाजूला. माझ्याकडं पाठ पडेल अशी.

ओळ १३१

बाजारला गोष्ट गेली ती गेटमनची. पुढच्या आठवड्यात फाटकावर थांबलेले बैलगाडीवाले ओरडायला लागले, "अप्पा, फाटक उघडायलाव का ओळ ऱ्हायली?" स्टेशनमास्तरांनी म्हणे त्यांना एक लोकरीचा गुंडा दिला, सरकारी खात्यातून, अशी वरून चेष्टा. हे चार दिवस जेवताना बोलले नाहीत. पाचव्या दिवशी मफलर गळ्यात घालून कामाला गेले. थंडी होती, एवढंच म्हणाले.

सुट्टी संपेपर्यंत ताडकळसहून कुणी आलं नाही. ते आधीच येणार नव्हते, की दोन्हींपैकी कुठली तरी गोष्ट त्यांच्यापर्यंत आधी पोचली, हे मला कळलेलं नाही. सरजाबाई म्हणते, ती बोललीच नाही.

पार्वतीबाईनंही, ते न्यायला येणार आहेत, असं म्हणणं बंद केलं.

गळा

पाठ झाली, पुढची बाजू झाली, खांदे जोडले. गळ्याची पट्टी विणून झाली. फक्त बंद करायची राहिली. माझं हे रोजचं काम, डोळे मिटून होणारं. तरी मी स्वेटर सुयांसकट घेऊन कुसुमकडं गेले. ती ओट्यावर एकटीच होती.

"गळा बंद करून देशील का?"

"तुमीच तर शिकवलं, बाई."

"तरी."

दोघींना कळत होतं मी काय मागायला आले होते. ते मला मागता आलं नाही, म्हणून मी सुया पुढं केल्या.

तिनं पट्टीचे टाके बोटानं सरकवून बघितले. "ठेवा," म्हणाली.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी पार्वतीबाईनं स्वेटर आणून दिला. घडी केलेला, वर वर्तमानपत्र. शेवटची ओळ बघायला मी उजेडात गेले. एक टाका इकडचा तिकडं नाही. इतकं सुबक काम माझ्या हातून आजवर झालेलं नाही.

ह्यांनी हात घातले, डोकं घातलं. डोकं येईना. राखी लोकरीच्या आतून आवाज आला, "आगं, निघायचं कुठनं?"

मी ओढलं. त्यांनी ढकललं. कान अडकले. शेवटी उलटा काढला, तेव्हा केस उभे राहिलेले आणि नाक लाल.

"लय आवळ केलाय की," ते म्हणाले. "माझा मफलर तर कसा सैल केला होता."

गळ्याची पट्टी ताणून बघितली. तारेसारखी. हा हात चुकून आवळ होणारा नव्हता. का तिचंही ध्यान दुसरीकडं होतं? का मीच परत समासात नाव लिहायला लागले होते?

एक ओळ उसवून परत बंद करायला मला दहा मिनिटं लागली असती. मी स्वेटराची घडी केली आणि पेटीत ठेवला.

सकाळी शाळेला निघाले. दिनकररावांच्या ओट्यावर कुसुम बसली होती, पिवळं टोपडं संपवून आता हिरवं काहीतरी.

"बसला का, बाई?" तिनं विचारलं. "अप्पांना स्वेटर?"

"बसला," मी म्हटलं. "नीट बसला."

ती माझ्याकडं बघत राहिली, मी शाळेच्या वळणापर्यंत जाईस्तोवर. वळणावर मी मान वळवली तेव्हा ती पुढच्या ओळीला लागली होती.